प्रॉडक्शनकाका

हिंजवडीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी जुन्या कंपनीत एक प्रॉडक्शनकाका असतोच. व्हिजिटिंग कार्डावर 'प्रिन्सिपल आर्किटेक्ट' छापलेलं असतं, तोंडावर सगळे 'सर' म्हणतात, पण नवं फ्रेमवर्क घेऊन उड्या मारत आलेल्या पोराला शेजारचा हळूच सांगतो, "आधी काकांना दाखव." पोरगं लॅपटॉप उघडतं. "सर, गिटहबवर चाळीस हजार स्टार आहेत!" काका चष्मा कपाळावर सरकवतात. "स्टार द्यायला काय लागतं रे? मीही दिलेत. झोप येत नव्हती तेव्हा."

वेबसाइटचं पहिलं पान काका बघतच नाहीत. तिथे प्रत्येक फ्रेमवर्क वेगवान आणि हलकंच असतं. ते थेट बगांच्या यादीत शिरतात, आणि उघड्यांपेक्षा बंद झालेले बग आधी वाचतात. दुरुस्त करून बंद केला, की महिनाभर कोणी फिरकलं नाही म्हणून बॉटने परस्पर मिटवला? मग कोड कधी लिहिला जातो ते बघतात. सगळं रविवारी मध्यरात्रीच दिसलं की खिन्न होतात. "बिचारा नोकरी सांभाळून करतोय. घरात बाळ आलं की संपलं." शेवटी बस फॅक्टर. "किती जण पीएमपीएमएलच्या बसखाली आले की हे बंद पडेल?" उत्तर 'एक' आलं की काका लॅपटॉप मिटतात, तोही दुसऱ्याचा.

मात्र नव्याला नाक मुरडणारा म्हातारा म्हणून त्यांना कोणी उडवून लावू नये. आवृत्ती शून्याने सुरू होते म्हणजे कच्चा माल, असं कोणी म्हणालं की तेच उसळतात. "रिॲक्ट 2016 साली 0.14 वरून एकदम 15 वर गेलं. तोवर फेसबुक काय पाटी-पेन्सिलीवर चालत होतं?" आणि कोणी "गुगलचं आहे सर," म्हणून खात्री दिली, तर, "अँग्युलरजेएस कोणाचं होतं? 2021 संपता संपता त्याचा आधार काढून घेतला. आपली दोन पानं अजून त्यातच आहेत."

मार्च 2024 मधलं 'एक्सझेड' या लायब्ररीचं प्रकरण तर ते कीर्तनकारासारखं रंगवतात. दोन वर्षांहून अधिक काळ गोड बोलून, मदत करून एकाने विश्वास मिळवला आणि तिच्यात चोरदरवाजा घुसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं, म्हणून ते पकडलं गेलं. "अर्धा सेकंद!" काका कपाळाला हात लावतात. "आपल्याकडे अर्धं मिनिट लागलं तर लोक चहाला जातात."

त्यांचा सर्वांत मोठा विजय मात्र डिसेंबर 2021 चा. लॉगफोरजे या लायब्ररीमधलं सुरक्षेचं भगदाड उघड झालं आणि जगभरचे इंजिनिअर रात्री जागले. काकांची टीम घरी वेळेवर जेवली. कारण आमच्याकडचं लॉगफोरजे होतं पहिल्या पिढीचं, ज्याची देखभाल 2015 मध्येच थांबली होती. भगदाड पडलं ते दुसऱ्या पिढीला. खरं तर तो निव्वळ आळस होता, आणि जुन्याला त्याची स्वतःची भोकं होतीच. पण काका ही गोष्ट 'दूरदृष्टी' या मथळ्याखाली सांगतात.

इतकं सगळं पार करून एखादं पोरगं टिकलंच, तर काका एक्सेलची शीट उघडतात. फ्रेमवर्कच्या नावापुढे एक रकाना रिकामा असतो. "रात्री दोनला बंद पडलं तर फोन कोणाला लावायचा? नंबर लिही." इथे चाळीस हजार स्टारवाले "सर, जरा अजून अभ्यास करतो," म्हणत उठतात. मागच्या महिन्यात साताऱ्याच्या एका मुलीने न थांबता दहा आकडे लिहिले, वर बाबांचाही नंबर दिला, तिचा लागला नाही तर म्हणून. काका बराच वेळ शीटकडे बघत राहिले. मग चष्मा खाली ओढून म्हणाले, "बरं... लायसन्स कुठलं म्हणालीस?"