काल यायला हवं होतं

आमचे दाजी मँचेस्टरला नोकरी करतात, असं लोक समजतात. ती नोकरी सोमवार ते शुक्रवार. त्यांचं खरं काम शनिवारी सुरू होतं, आणि ते म्हणजे भारतातून आलेल्या माणसाला लेक डिस्ट्रिक्ट दाखवून आणणं. माणूस कोण, याला महत्त्व नाही. सासूबाई असोत, नाहीतर कंपनीच्या कामाला आलेला मित्राचा चुलतभाऊ. चहाचा पहिला कप संपायच्या आत प्रश्न येतो, ‘शनिवारी मोकळे आहात ना?’ मोकळे नसून जाणार कुठे? परतीच्या तिकिटाची तारीख दाजींनी आधीच काढून घेतलेली असते.

पहाटे सहाला निघायचं. ताईने रात्रीच तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवलेल्या असतात. जिन्याखालच्या कपाटातून दाजी रेनकोट काढतात. आजवरच्या पाहुण्यांच्या कृपेने तिथे सगळ्या मापांचे रेनकोट आणि गमबूट साठलेले आहेत. वाट जेमतेम दोन तासांची, पण तळ्याकाठच्या बोनेसला आठच्या आत पोहोचलं नाही तर पार्किंग मिळत नाही, आणि पार्किंग नसेल तर दाजींच्या लेखी सृष्टिसौंदर्य फुकट. निसर्ग आणि जुनी घरं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गुंतवणूक. ट्रस्टच्या वाहनतळावर सभासदाला पैसे पडत नाहीत. यंत्रासमोर कार्ड धरताना दाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते तळ्याकडे बघतानाही दिसत नाही.

तळं येतं. विंडरमिअर, इंग्लंडमधलं सर्वांत मोठं, सतरा किलोमीटर लांब. त्यातलं त्या दिवशी शंभर पावलांपर्यंतचं दिसतं, पुढे धुकं. मग दाजी ते वाक्य बोलतात, ‘तुम्ही काल यायला हवं होतं. काल काय ऊन होतं!’ आत्याला हे सांगितलं, मावशीला सांगितलं, पुण्याच्या मामांनाही सांगितलं. पाऊस पडला की दाजींचा चेहरा लग्नात जेवण कमी पडलेल्या वधूपित्यासारखा होतो. आणि चुकून ऊन पडलंच, तर ‘बघा, आज ऊन काढलंय,’ हे अशा सुरात, की बिल त्यांनीच भरलेलं असावं. सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी वस्तीचं गाव इथलंच, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर, असा पुरावाही ते देतात. महाबळेश्वरला याहून किती जास्त पडतो ते मामांनी लगेच सांगितलं.

जे दिसत नाही ते दाखवण्यात दाजींचा हात धरणारा कोणी नाही. ‘तो समोर हेलव्हेलिन. साडेनऊशे मीटर. आत्ता दिसत नाहीये, पण आहे.’ आत्याने ढगाला नमस्कार केला. अल्सवॉटरच्या काठी ते सगळ्यांना उतरवतात आणि हिरव्या गवताकडे बोट करतात. ‘इथे डॅफोडिल्स असतात. 1802 सालच्या एप्रिलमध्ये वर्ड्सवर्थने आणि त्याच्या बहिणीने पाहिली ती इथेच. त्यावरच ती कविता.’ पाहुणे येतात मे-जूनमध्ये, फुलं संपतात एप्रिलमध्ये. तरी सगळे त्या गवतासमोर उभं राहून फोटो काढून घेतात.

इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक, 978 मीटर, हेही दाजींनी एकदा अभिमानाने सांगितलं. ‘म्हणजे सिंहगडापेक्षा कमीच की,’ मामा म्हणाले. सिंहगड तेराशेच्या वर आहे. दाजी थोडा वेळ गप्प गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, ‘उंचीचं काय घेऊन बसलात मामा, इथे व्ह्यू आहे.’ व्ह्यू त्या वेळी काचेवरच्या वायपरपर्यंत होता.

कोल्हापूरची आत्या हे त्यांचं सर्वांत अवघड गिऱ्हाईक. बिअट्रिक्स पॉटरचं हिल टॉप हे घर दाखवून दाजी सांगत होते, की या बाईने सशाच्या गोष्टी लिहिल्या, त्या पैशातून 1905 साली हे शेत घेतलं, पुढे घेतच गेली आणि 1943 साली जाताना चार हजार एकर ट्रस्टला देऊन गेली. आत्याने एवढंच विचारलं, ‘भाऊबंदकी नाही झाली?’ थर्लमिअरला त्याहून वाईट. दाजींनी गाडी थांबवली. ‘आत्या, मँचेस्टरला 1894 पासून या तळ्याचं पाणी येतं. दीडशेहून जास्त किलोमीटर, पंप नाही, नुसत्या उतारावर. सकाळी घरी तुम्ही जो चहा घेतलात ना, तो या पाण्याचा!’ आत्या म्हणाली, ‘मग जावईबापू, एवढ्या लांब कशाला आणलंसा? घरातच नळ सोडून दाखवायचा की!’

मावशीला ग्रासमिअरला नेलं. चर्चच्या दाराशी एक इवलंसं दुकान आहे. 1854 पासून तिथे सॅरा नेल्सनच्या कृतीने जिंजरब्रेड करतात, आणि ती कृती आजवर गुप्त आहे. मावशीने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘सुंठ, लोणी, काळपट साखर. भाजणी जरा कमी हवी होती.’ बाजूच्या आवारात वर्ड्सवर्थ पुरलेला आहे, हे सांगायचं दाजींच्या तोंडात राहून गेलं.

पाऊस फारच वाढला तर केसिकचं पेन्सिल संग्रहालय. जवळच्या बॉरोडेलमध्ये सोळाव्या शतकात शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट सापडलं, त्यावरून इथला पेन्सिलीचा धंदा उभा राहिला. आत जवळजवळ आठ मीटर लांबीची रंगीत पेन्सिल टांगलेली आहे. मुलं खूश होतात. मोठी माणसं कोरड्या जागी उभी असतात, म्हणून खूश होतात.

या माणसाला कोणाचा राग येत नाही, हे मात्र खरं. टोमणा मारला तरी हा माणूस तो सूचना म्हणून घेतो. ‘रंकाळ्यावर निदान भेळ तरी मिळते,’ असं आत्या एकदा पुटपुटली होती. तेव्हापासून गाडीच्या डिकीत भेळेचं सामान असतं. कुरमुरे एका डब्यात, चिरलेला कांदा दुसऱ्यात, चिंचेची चटणी घट्ट झाकणाच्या बरणीत. अल्सवॉटरला 1877 सालची ‘लेडी ऑफ द लेक’ अजून प्रवासी घेऊन फिरते. ती धक्क्याला लागेपर्यंत छत्रीखाली भेळ कालवली जाते आणि रांगेतल्या अनोळखी गोऱ्या आजीबाईंनाही कागदाच्या द्रोणातून मिळते. त्यांनाही दाजी सांगतात, की काल ऊन होतं. त्या मान डोलावतात. त्या तिथल्याच असल्याने त्यांना ते वाक्य पाठ असतं.

एकदा खरोखरच ढग बाजूला झाले. पाच मिनिटं. डोंगर, तळं, पलीकडची मेंढरं, सगळं लख्ख. दाजी वाहनतळाच्या टोकापासून गमबुटांत धावत आले, ‘बघा, बघा, बघा!’ मामा तेव्हा डिकीत डोकं घालून शेव शोधत होते. त्यांनी वर पाहीपर्यंत पडदा पडला होता. मामा म्हणाले, ‘वा, छान!’ दाजींनी त्यांचा हात हातात घेतला. ‘काय सांगत होतो मी?’

मामांना काही दिसलं नव्हतं, हे दाजींना अजून माहीत नाही. मामांनी ते सांगितलंही नाही, आणि माझ्या मते मामांच्या हातून झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम. दाखवणारा माणूस तळ्यासाठी राबत नसतो, तुमच्या ‘वा’साठी राबत असतो. पेट्रोल त्याचं, झोप त्याची, चिरलेला कांदाही त्याचाच. तुमच्याही घरात असा एखादा दाजी असेल. नैनितालचा असेल, नाहीतर पवनेच्या काठचा. तो ढगाकडे बोट करून डोंगर सांगेल. फार चौकशी करू नका. दिसला म्हणा.