दोन चुका उंच

खरं हेलिकॉप्टर उलटं होऊन तरंगत बसत नाही, आणि त्यात त्याचं शहाणपण आहे. जर्मन बनावटीचं बो-१०५ लूप मारून दाखवतं, पण माथ्यावर पोचलं की तिथून लगबगीनं निघतं. तिथं मुक्काम करत नाही. रिमोटवर उडणारं दोन फुटी हेलिकॉप्टर मात्र पाय आभाळाकडे करून बॅटरी संपेपर्यंत निवांत राहू शकतं. त्याच्या पात्यांचा कोन अधिक बाराएक अंशांपासून उणे बाराएक अंशांपर्यंत फिरवता येतो. त्यामुळे यंत्र उलटं झालं तरी पाती हवा जमिनीकडेच ढकलत राहतात. यंत्राला याचं काही वाटत नाही. वाटतं ते उडवणाऱ्याला.

पन्नाशीनंतर माणसानं टेकडीवर जावं, पेटी शिकावी, सोसायटीच्या कमिटीत भांडावं. मी या रिमोटच्या हेलिकॉप्टरचा फ्लिप शिकायला घेतला. माझा गुरू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिला धडा त्यानं उंचीचा दिला. "काका, दोन चुका उंच ठेवा." ही हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या मंडळींत उंची मीटरात नाही, चुकांत मोजतात. एक चूक करायला, दुसरी ती सावरताना करायला. मग माझे अंगठे पाहून तो म्हणाला, "तुम्ही चार ठेवा."

फ्लिप म्हणजे जागच्या जागी कोलांटी. उजव्या अंगठ्यानं एलेव्हेटर मागे ओढला की नाक वर येतं आणि यंत्र पलटू लागतं. परीक्षा असते ती डाव्या अंगठ्याची, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या कलेक्टिव्हची. सुलट असताना स्टिक मध्याच्या वर. नाक आभाळाला लागलं की बरोबर मध्यावर, नाहीतर यंत्र भलतीकडेच पळतं. उलटं झालं की मध्याच्या खाली, पुन्हा मध्यावर, पुन्हा वर. हे सगळं सेकंदभरात.

गोम पुढेच आहे. उलटं यंत्र खाली येऊ लागलं की अंगठा स्टिक वर ढकलतो. पडणाऱ्या वस्तूला वर उचलायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. पण उलट्या हेलिकॉप्टरच्या लेखी 'वर' म्हणजे जमीन. जितक्या कळकळीनं वाचवाल तितक्या जोरात ते आपटतं. त्याला जगवायचं तर पडत असतानाच स्टिक आणखी खाली ओढायची छाती हवी. एलेव्हेटर आणि शेपटी वळवणारा रडरही अशा वेळी उलटे चालतात. डावी-उजवीकडे कलवणारा एलेरॉन तेवढा जुन्या वळणानं वागतो आणि घोळ वाढवतो. सगळेच फिरले असते तर निदान पाठ तरी करता आलं असतं.

म्हणून आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. तिथं पाडायला पैसे पडत नाहीत. बटण दाबलं की यंत्र पुन्हा कोरं करकरीत. चहा ठेवता ठेवता बायको विचारते, "अहो, हे शिकणं चाललंय की पाडणं?" आईचा प्रश्न त्याहून मूलभूत. "पडतंय तर उडवतोस कशाला?" याचं उत्तर वायुगतिशास्त्रात नाही.

मैदानात ते बटण नसतं. तिथं असतो थ्रॉटल होल्डचा खटका. तो मारला की मोटार बंद. मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेणाऱ्या या पात्यांची टोकं ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावतात. म्हणून माणसांपासून लांब उडवायचं. मोटार चालू असताना यंत्र जमिनीत घुसलं तर शाफ्ट वाकतो, गिअरचे दात जातात आणि पाती स्वतःच्याच शेपटीची नळी तोडतात. त्यामुळे आता वाचत नाही असं दिसलं की आपटायच्या आत खटका मारायचा. "काका, होल्ड!" असं गुरू ओरडतो. आशा नेमकी केव्हा सोडायची, हे शिकवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

लूप त्या मानानं सभ्य प्रकार. वेग घ्यायचा, नाक उचलायचं आणि आकाशात मोठं वर्तुळ काढायचं. वेग कमी पडला तर माथ्यावर जरासा उणे कोन द्यायचा, नाहीतर वर्तुळ वरून चेपतं. माझा लूप बघून गुरू अदबीनं म्हणाला, "काका, ही जिलबी झाली."

परवा मैदानाच्या कडेला माकडटोपीतले एक गृहस्थ थांबले.

"कॅमेरा आहे का यात?"

"नाही."

"मग उपयोग?"

उत्तरादाखल मी यंत्र चार चुका उंच नेलं आणि एलेव्हेटर ओढला. ते पलटलं, पाय वर करून क्षणभर थबकलं, माझा अंगठा चक्क खाली गेला आणि यंत्र सुलट झालं. सिम्युलेटरबाहेरचा माझा पहिला नेटका फ्लिप.

गृहस्थांनी छातीवरचा हात काढला. "गेलंच होतं की हो! पण सांभाळलंत. आता पुन्हा नका उडवू, आधी दुरुस्त करून घ्या."

गुरू तोंड फिरवून हसत होता. या खेळात मला मिळालेली ही पहिलीच दाद, ती वाया कशाला घालवायची? "करतो," मी गंभीरपणे म्हणालो.