बंगल्याला घर नंबर

राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या साडूभाऊंना एकाच स्वप्नानं पछाडलं होतं. कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, आपलं घर आपल्याबरोबर! मराठी मध्यमवर्गाला ओढ असते ती समुद्राची आणि स्वतःच्या संडासाची. इथं दोन्ही एका भाड्यात मिळत होतं. त्यामुळे फाल्गुनात आम्ही दोघं आणि ते दोघं असे निघालो. चार बर्थ, गॅसची शेगडी, बेसिन, एसी आणि एक ड्रायव्हर, जो या सगळ्याला मिळून ‘बंगला’ म्हणायचा.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाचं स्वप्न. स्वप्नात त्यांनी घाट, खाड्या, पूल सगळं पाहिलं असेल, पण श्रीवर्धनच्या आळीतल्या केबलच्या तारा काही पाहिल्या नव्हत्या. बंगल्याचं टप त्या तारांच्या बरोब्बर उंचीचं. शेवटी साडूभाऊ खाली उतरले आणि एका वाडीतून बांबू मागून आणून (पहिले उपकार!) तारा उचलत पुढे चालू लागले. त्यांच्यामागून बंगला आणि बंगल्यामागून शाळा सुटलेली पोरं. बाळाजी विश्वनाथांच्या गावात एवढा लवाजमा बऱ्याच वर्षांत शिरला नसावा.

बांबू परत करायला गेलो तर वाडीवाल्या काकांनी गाडी नीट निरखली. त्यांच्या वाडीत पोफळी होत्या, पण अगदीच कोवळ्या. जुन्या सगळ्या ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळात आडव्या झालेल्या.

“घर फिरतं होय तुमचं?” काका म्हणाले. “आमचंही फिरलं. छप्पर गेलं ते शेजाऱ्याच्या विहिरीपाशी थांबलं. भाडं नाही पडलं हो पण.”

यावर काय बोलायचं? त्यांनी दिलेलं कोकम सरबत आम्ही मुकाट्यानं प्यायलो.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी फेरीबोटीनं ओलांडायची. तिकिटाच्या दरांमध्ये दुचाकी, कार, टेम्पो, बस असं सगळं होतं, बंगला नव्हता. तिकीटवाला आत चढला, सोफ्यावर बसून पाहिलं, बेसिनचा नळ सोडून पाहिला.

“माणसं बसतात म्हणून बस म्हणावी,” तो म्हणाला, “पण भांडीकुंडी आहेत. भांडी म्हणजे सामान. सामान म्हणजे टेम्पो.”

“अहो, कारचं लायसन्स चालतं हिला!” साडूभाऊ.

“चालू दे की. कारमध्ये संडास असतो काय?”

बँकेत उभी हयात कर्जदारांना निरुत्तर करण्यात घालवलेला माणूस मी प्रथमच गप्प झालेला पाहिला. समोर खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे होते. “पूल झाला की ही कटकट मिटेल तुमची,” तिकीटवाल्यानं दिलासा दिला आणि स्वतःच हसला.

हर्णैबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वास अजून गेलेला नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. बायकांना सुरमई दिसली, साडूभाऊंना किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या या किल्ल्याची माहिती ते देत राहिले आणि मागे बंगल्यात तळणी सुरू झाली. बंद गाडीत सुरमई तळू नये, असं त्या सरकारी धोरणात एक कलम हवं. पडदे, उशा, साडूभाऊंच्या चष्म्याचं घर, सगळं सुरमईचं झालं.

दाभोळहून पुन्हा बोट. वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलं की गुहागर तालुका लागतो. दाभोळच्या नावानं जगभर गाजलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प खरा इकडेच, अंजनवेलला. नाव दाभोळला, धूर गुहागरला, अशी ही वाटणी. इथून हेदवीकडे जाताना एका गावात आम्ही अंगण मागितलं, कारण बंगल्याची बॅटरी उतरली होती. यजमानांनी खिडकीतून वायर दिली. एसी लावला आणि यजमानांच्या घरासकट अर्धी वाडी काळोखात बुडाली. एवढा मोठा प्रकल्प शेजारी, आणि फ्यूज बसवायला काडेपेटीच्या उजेडात स्टुलावर चढावं लागतं!

तरी कुणी रागावलं नाही. शिमगा होता, घराघरात मुंबईचे चाकरमानी उतरले होते. यजमानांकडे माणसं ओटीवर, पडवीत, माजघरात, जिथं पाठ टेकेल तिथं. ज्या घराला एरवी वर्षभर कुलूप, त्यात सध्या शिरायला वाट नाही. वहिनींनी बंगल्यातले चार बर्थ पाहिले आणि काही न विचारता दोन आत्या, एक गरोदर सून आणि एक पणजी यांची तिथं सोय लावून टाकली. आम्ही चौघं पडवीत. साडूभाऊंच्या स्वतःच्या संडासाला सकाळी रांग लागली, आणि नंबर त्यांचा सातवा.

दुपारी ढोल वाजले. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत अंगणात आली, नाचली, वहिनींनी ओटी भरली. पालखी निघणार तोच एका मानकऱ्याचं लक्ष बंगल्याकडे गेलं.

“हे कुणाचं घर?”

“गाडी आहे ती,” मी म्हटलं.

मानकऱ्यांनी आत डोकावून पाहिलं. पणजी पाय पसरून बसली होती आणि आत्या शेगडीवर चहा टाकत होती.

“चूल आहे की! चूल आहे तिथं घर. पालखी घर चुकवत नाही.”

पालखी बंगल्यासमोर नाचली. ड्रायव्हरनं चपला काढून नारळ दिला. घरधनी म्हणून टिळाही त्यालाच लागला. मागोमाग पावतीपुस्तक आलं, कारण शिमग्याची वर्गणी चुलीमागे असते. साडूभाऊंनी विरोध केला नाही. बागमांडल्यापासून ते वाद घालत नव्हते. पावतीवरच्या ‘घर नंबर’पुढे खजिनदारांनी गाडीचा एमएच बारा वगैरे नंबर सुवाच्य अक्षरात लिहिला, तोच वहीत उतरवला आणि म्हणाले, “आता नाव लागलं तुमचं. पुढच्या वर्षीपासून होळीच्या आधी पाठवत जा. मागाहून थकबाकी नको.”