कुकर, माया वजा जाता

प्रति,
मा. आयकर अधिकारी साहेब यांस,
आर्णीच्या एका कृषी केंद्रवाल्याचा दंडवत.

विषय : एका कुकरबाबत खुलासा.

साहेब, आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, काकाजींच्या पोरीचे लग्न झाले. अरुणावतीच्या काठचे हे कास्तकार पंधरा वर्षांपासून बियाणे, खत, फवारणीचे औषध माझ्याकडूनच नेतात. पेरणीला उधार, कापूस विकला की चुकता. लग्नात मी पाच लिटरचा कुकर आहेर केला आणि बिल जपून ठेवले. तिथेच चुकलो.

सीए म्हणाले, "१९६१ च्या कायद्याचे कलम ३७(१). खर्च पूर्णपणे आणि निव्वळ धंद्यासाठीच हवा. नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, अट तीच. कुकर कशापायी दिला?"

"पोर डोळ्यांदेखत मोठी झाली हो."

"मग वजावट विसरा."

"बरं, काकाजी पुढच्या हंगामात दुसऱ्या दुकानाची पायरी चढू नयेत म्हणून दिला."

"आता कसं! बसला खर्च."

म्हणजे माया असली की नामंजूर, मतलब असला की मंजूर. आईने लहानपणी नेमके उलटे शिकवले होते. तिचे रिटर्न कधी भरलेच गेले नाही.

मतलबी व्हायला मी तयार झालो, तोच जीएसटी आडवा आला. २०१७ च्या कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे भेट दिलेल्या मालावरच्या कराचे क्रेडिट मिळत नाही. एकच कुकर, आयकरापुढे तो धंदा, जीएसटीपुढे आहेर. 'एकावर एक फुकट' असते तर क्रेडिट वाचले असते, तसे २०१९ चे परिपत्रकच आहे. पण मांडवात 'बियाण्याच्या दहा पाकिटांवर कुकर फुकट' अशी पाटी कशी लावू?

उलट टार्गेट पुरे केले म्हणून एका कंपनीने मला थायलंड दाखवले. असा लाभ वर्षात २०,००० रुपयांवर गेला, की १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस. कंपनीने तो भरला, हिशेब चोख. त्या सहलीत मायेचा संशय कोणालाही आला नाही.

तरी तडजोड सुचवतो : शिट्टी धंद्यात धरा, भांडे घरखर्चात.

एक कबुली राहिली. परवा काकाजी पायलीभर तूर ठेवून गेले. म्हणाले, "पोरीनं आठवण काढली तुमची." धंद्यातून वस्तुरूपाने आलेला लाभही उत्पन्नच, हे आता मला पाठ झाले आहे, तेव्हा तूर दाखवतो. फक्त किंमत कशी लावू? हमीभावाने, ज्याची चर्चा आमच्याच तालुक्यातल्या दाभडीत मार्च २०१४ मध्ये चहावर झाली होती, की काकाजींच्या पदरात पडतो त्या भावाने?

तेवढे कळवावे.

आपला (पूर्णपणे आणि निव्वळ),
एक कृषी केंद्रवाला,
आर्णी, जि. यवतमाळ