काशीहून क्युपर्टिनोस

श्रीयुत ॲपल कंपनी, मुक्काम क्युपर्टिनो, प्रांत कॅलिफोर्निया, यांसी,

ब्रह्माघाट, वाराणसी येथील एका मराठी गृहस्थाचे कृतानेक साष्टांग नमस्कार. येथील क्षेम. आपले क्षेम शेअर बाजाराच्या बातम्यांतून कळतच असते. विनंती विशेष.

आमच्या काशीत महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, गंगेत बुड्या मारतात, विश्वनाथाचं दर्शन घेतात आणि परतीची गाडी धरण्याआधी एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी आंबा. गावी पोचल्यावर पहिला प्रश्न तोच : काशीला काय सोडलंत? काही चतुर मंडळी कारलं सोडून मोकळी होतात, पण ते एक असो. आपल्या फोनचं चरित्र पाहिलं की आपणही इथे गुपचूप येऊन गेला असाल, अशी दाट शंका येते. २०१६ साली आपण हेडफोनचा जॅक सोडलात. २०१७ साली होम बटण सोडायला सुरुवात केलीत. २०२० साली खोक्यातला चार्जर सोडलात आणि २०२२ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनातून सिमकार्डाची खाच. एवढं वैराग्य आमच्याकडे दंडी स्वामींनाही झेपत नाही. फरक एवढाच, की यात्रेकरू सोडतो ते स्वतःच्या ताटातलं. आपण सोडलंत ते गिऱ्हाइकाच्या ताटातलं.

काही गोष्टी मात्र सोडण्याचाही प्रश्न नव्हता, कारण त्या आपण मुळात वाढल्याच नव्हत्या. आपला आयफोन ३जी भारतात आला २२ ऑगस्ट २००८ रोजी. अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळणारा ८ जीबीचा फोन इथे ३१,००० रुपयांना होता. त्यावर व्हिडिओ काढता येत नव्हता, एमएमएस पाठवता येत नव्हता आणि एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताही येत नव्हता. आता कॉपी-पेस्ट ही काही ब्रह्मविद्या नव्हे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ती १९७०च्या दशकातच बसवली होती. तेच टेस्लर १९८० साली आपल्याकडे नोकरीला आले आणि १९८४च्या आपल्या मॅकिंटॉशमध्ये ती सोय होतीच. म्हणजे घरच्याच फडताळात असलेली वस्तू फोनमध्ये ठेवायला जून २००९ उजाडावा लागला. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यापासून पुढे कितीतरी दाक्षिणात्य पंडितांनी या शहरात पोथ्या बाळगल्या आणि उतरवून घेतल्या. संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात आज लाखाच्या घरात हस्तलिखितं आहेत. तेव्हा अक्षर न् अक्षर हाताने पुन्हा लिहिण्याचं आम्हाला नवल नाही. त्यासाठी ३१,००० रुपये मात्र आजवर कुणी मागितले नव्हते.

आणि उशिराने येणाऱ्या प्रत्येक वस्तूची मिरवणूक! आयपॅड २०१० साली आला, त्यात गणकयंत्र आलं २०२४ साली. चौदा वर्षं. अयोध्या इथून फार लांब नाही, त्यामुळे हा आकडा आमच्या चटकन ध्यानात येतो. आकड्यांच्या पट्टीवर नावाची अक्षरं दाबून माणूस शोधणं, दोन ओळींत रिकामी जागा सोडून आयकॉन हवे तिथे मांडणं, हेही त्याच वर्षी. कॉल रेकॉर्डिंगही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आणि तेही पलीकडच्याला मोठ्याने सांगून. यातलं सांगणं मला पटतं. चोरून ऐकण्याची सोय नसलेलीच बरी. पण मंचावर या साऱ्याची ओळख अशी करून दिली जाते, जणू अवघ्या पृथ्वीतलावर हे कुणाला सुचलंच नव्हतं.

आता जॅकबद्दल जरा सविस्तर, कारण माझं खरं गाऱ्हाणं तिथे आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी आपल्या फिल शिलर यांनी हे भोक बुजवण्यामागचं कारण एका शब्दात सांगितलं : धैर्य. त्याच कार्यक्रमात बिनतारी एअरपॉड्सही मांडले गेले, हा निव्वळ योगायोग समजू. मोबाइलमधला एफएम रेडिओ हेडफोनच्या वायरीचाच अँटेना म्हणून उपयोग करतो. जॅक गेला की वायर गेली आणि वायर गेली की आकाशवाणी गेली. आपल्या फोनवर ती आधीही लागत नव्हती, पण आपलं पाहून इतरांनीही एकेक करून भोकं बुजवली आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा रेडिओही त्यातच गेला.

रेडिओ म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक, असं आपल्याला वाटत असेल तर एकदा श्रावण-भाद्रपदात इकडे यावं. गंगेची इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. धोक्याच्या पातळीच्या आसपास पाणी आलं की घाटांच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, दशाश्वमेधची आरती छतावर जाते, मणिकर्णिकेवर चितेलाही वरची गच्ची शोधावी लागते. वरुणा नदीच्या काठच्या वस्त्यांत माणसं सामान वरच्या मजल्यावर नेऊन बसतात. वीज नसते, चार्जिंग जपून वापरायचं असतं, आणि मोबाइलच्या मनोऱ्याचं काही सांगता येत नाही. त्या वेळी पाणी चढतंय की उतरतंय, एवढं एकच जाणून घ्यायचं असतं. ते कमीत कमी बॅटरीत आणि विनानेटवर्क सांगू शकतो तो रेडिओ.

हे फक्त आमच्याच गल्लीतलं रडगाणं आहे असंही नाही. २०१७ साली चक्रीवादळांनी अमेरिकेत दाणादाण उडवली, तेव्हा तिथल्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी आपल्याला नाव घेऊन जाहीर विनंती केली होती की फोनमधला एफएम सुरू करा. आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि अँटेनाही नाही, असं आपलं उत्तर आलं. उत्तर खरं होतं. पण का नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पुढे एप्रिल २०२३मध्ये आमच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांच्या संघटनांना कळवलं की एफएम असेल तर तो बंद ठेवू नका, नसेल तर बसवा; आपत्तीच्या वेळी लागतो. तो सल्ला होता, सक्ती नव्हती. सल्ल्याचं आपण काय करता, ते ठाऊकच आहे.

सक्तीचा गुण निराळा. चार्जर काढताना आपण पर्यावरणाचं नाव घेतलंत, लोकांच्या घरी चार्जर आहेतच म्हणालात. पण आयफोन १२च्या खोक्यात जी केबल दिलीत तिचं चार्जरकडचं टोक होतं टाइप-सी, आणि घरोघरी पडलेले आपलेच जुने चार्जर बहुतेक रुंद चौकोनी तोंडाचे! सप्टेंबर २०२२मध्ये ब्राझील सरकारने दंड ठोकून चार्जरविना विक्रीच थांबवण्याचा हुकूम काढला. युरोपीय संघाने सर्व फोनांना एकच टाइप-सी खाच सक्तीची केली, आणि २०२३ साली आयफोन १५मध्ये ती मुकाट्याने आली. मंचावर मात्र टाळ्या घेऊन.

दोन सिमांचंही तेच. आमच्या घाटावरचा नाववाला मल्लाह एक नंबर घरासाठी ठेवतो, एक गिऱ्हाइकासाठी, आणि दोन्ही साध्यातल्या साध्या फोनात बसवतो. आपल्याकडे दुसऱ्या सिमची सोय २०१८ साली झाली, तीही ई-सिमच्या रूपात. चीनसाठी मात्र दोन खरी सिमं घेणारा फोन त्याच वर्षी निघाला. बाजार मोठा असला की आपल्या तत्त्वांना सांधे फुटतात, हे आम्ही लक्षात ठेवलं आहे.

आपला कॅमेरा उत्तम आहे, जुन्या फोनांनाही आपण वर्षानुवर्षं अपडेट देता, हे मान्य. दोष एकट्या आपला नाहीच. जे नाही त्यालाच उच्च अभिरुची म्हणणारे आमचेच लोक आहेत. हप्त्यावर लाखाचा फोन घेतात आणि मग दालमंडीच्या बाजारात जाऊन त्याच्यासाठी दोनशे रुपयांचा चार्जर, जॅकचं शेपूट आणि वाजेल तो हेडफोन शोधतात. विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही. बाहेरच्या लॉकरात आपला आणि मल्लाहाचा फोन एकाच रांगेत पडतो. तेवढा वेळ तरी दोन्ही सारखेच निरुपयोगी.

तर विनंती मोठी नाही. एक एफएमची चिप आणि तिला अँटेनाची जोड, एवढं द्या. हवं तर सप्टेंबरात मंचावर तिला नवा शोध म्हणा, संथ संगीत लावा, पांढऱ्या पडद्यावर फिरवून दाखवा. आम्ही टाळ्या वाजवू. फक्त पुढच्या पावसाळ्याआधी द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक काशीकर

ता. क. – हे पत्र खुलं असल्याने वाचकांसाठी एक ओळ : नवा फोन घ्यायला जाल तेव्हा त्यात काय काय आहे हे दुकानदार आपणहून सांगेल. काय नाही, ते पैसे देण्याआधी तुम्ही विचारा.