साडेसहाशे मीटर उंचीवरचे पाणबुडे

स्कुबा डायव्हिंगच्या शास्त्रात एक नियम आहे. समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंच ठिकाणी बुडी मारली, तर ती उंचावरची बुडी. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून तिचे हिशेब वेगळे आणि प्रशिक्षणही वेगळं. धाराशिव शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. याचा अर्थ असा, की आमच्या शिवारातल्या विहिरीत चड्डीवर सूर मारणारं प्रत्येक पोरगं जगाच्या दृष्टीनं विशेष प्रावीण्याचं काम करतं आणि ते झाल्यावर आईच्या हातचा मार खातं.

ही माहिती मी तात्यांना दिली, तेव्हा ते विहिरीच्या थारोळ्यावर पाठ शेकत बसले होते.

"मग त्याचं सर्टिफिकेट मिळतंय का?"

"मिळतं. पण फी भरावी लागते."

"मग ऱ्हाऊ द्या."

तात्या आमच्या क्लबचे अध्यक्ष. निवडणूक झालेली नाही. विहीर त्यांची आहे. क्लबला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. गावाकडची पोरं, दोन-चार शेतकरी, एक निवृत्त मास्तर, एक कंपाउंडर, तात्यांच्या थोरल्या बहीण आक्का आणि शहरातल्या कचेरीतून रविवारी मोटारसायकल दामटत येणारा मी, असे आम्ही सभासद. आक्का पंच्याहत्तरीला आलेल्या. काठावर बसून सगळ्यांच्या चुका काढतात, आणि तो अधिकार त्यांनी कमावलेला आहे. लहानपणी याच विहिरीत काष्टा मारून त्या भावाच्या आधी तळाला जाऊन यायच्या. तात्या हे मान्य करतात, फक्त आक्का समोर असल्या तरच.

क्लबचा हंगाम आभाळाच्या हातात. आमच्या पायाखाली काळा कातळ. पावसाचं पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तिथून झिरपत विहिरीत येतं. परतीचा पाऊस नीट झाला तर दसऱ्याला विहीर हाताला लागते. संक्रांतीपासून ती उतरायला लागते, शिमग्याला तळाकडच्या पायऱ्या दिसतात आणि चैत्रात बेडकांनाही पोहायला पुरत नाही. बाकी महाराष्ट्रातली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला शिकतात. आमच्याकडं उन्हाळ्यात सुट्टी असते, पाणी नसतं. म्हणून आमची पोरं दिवाळीच्या सुट्टीत कुडकुडत शिकतात. धाराशिवचा माणूस पोहताना हात एवढे जोरात का मारतो, याचं कारण शैलीत शोधू नये, थंडीत शोधावं.

अभ्यासक्रम मात्र पक्का आहे. पहिल्या इयत्तेत पाठीला तेलाचा रिकामा डबा आणि कंबरेला सोल. सोलाचं दुसरं टोक मास्तरांच्या हातात, आणि मास्तरांचं लक्ष गप्पांत. दुसऱ्या इयत्तेत डबा सुटतो, सोल राहतो. तिसऱ्या इयत्तेत मोटरीच्या लोखंडी अँगलवरून मुटका मारायचा; पाणी काठावरच्यांच्या चहात पडलं तर पास. आणि पदवी म्हणजे तळाची माती मुठीत आणून दाखवणं. विहीर नऊ परस खोल, त्यामुळं काही हुशार विद्यार्थी मधल्या कपारीतली माती आणतात. ती ओळखायचं काम आक्कांचं. त्या माती बोटांनी चुरतात, वास घेतात आणि निकाल सांगतात. त्यांच्या निकालावर अपील नाही.

पदवीधरांना कामही मिळतं. मोटरीच्या पाइपाच्या टोकाला पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो. सगळा शिवार त्याला फुटबॉल म्हणतो. तो गाळात रुततो, त्यात काडीकचरा अडकतो, कधी तुटून तळाला जातो. मग ज्याची मोटर बंद, तो तात्यांच्या दारात. तात्या एक जडसा दगड पोटाशी धरतात, पाण्यात सोडून देतात, दगडाच्या वजनानं सरळ तळ गाठतात, फुटबॉल चाचपतात आणि दगड तिथंच ठेवून वर येतात. अशा दगडांनी विहिरीचा तळ किती वर आलाय, यावर मास्तर कधीमधी काळजी व्यक्त करतात.

मला ही पद्धत गावठी वाटायची. मग वाचनात आलं, की ग्रीसमधले स्पंज काढणारे पाणबुडे शेकडो वर्षं अस्साच सपाट दगड हातात धरून तळाला जात. 1913 साली इटलीच्या 'रेजिना मार्गेरिटा' या युद्धनौकेचा नांगर कारपाथोस बेटाजवळ हरवला, तेव्हा स्टाथिस हात्झिस नावाचा किरकोळ अंगाचा स्पंजवाला दगड धरून सत्तर मीटरहून खोल गेला आणि नांगराला दोर बांधून आला. बक्षीस म्हणून त्यानं थोडे पैसे आणि सुरुंग लावून मासे मारायची परवानगी मागितली, असं सांगतात. तात्यांना हे सांगितल्यावर त्यांना खोलीचं नवल वाटलं नाही. "पैसे रोख दिले का त्येला?" एवढंच विचारलं. तात्यांची दोन फुटबॉलांची उधारी अजून यायची आहे.

मागल्या एका हिवाळ्यात, विहीर उतरणीला लागल्यावर, मंडळ तारकर्लीला निघालं. कल्पना कंपाउंडरची. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौशी लोकांना नळकांडं बांधून पाण्याखाली नेतात, आणि तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्थाही आहे, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. सोलापूर, कोल्हापूर करत फोंडा घाट उतरून आम्ही किनाऱ्यावर पोचलो. समुद्र दिसल्यावर गाडीत शांतता पसरली. लोक अशा वेळी सौंदर्य पाहतात. तात्यांनी बराच वेळ क्षितिजापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् एकाचीबी मोटर न्हाई." मास्तरांनी ते खारं असल्याची आठवण दिली. तात्यांचा चेहरा एवढा पडला, की आक्कांनी त्यांना चहा घ्यायला लावला.

तिथल्या शिक्षकाशी, एका मालवणी पोराशी, बोलताना कळलं, की त्यांचा धंदा पावसाळ्यात बंद असतो. जूनमध्ये समुद्र खवळतो, पाणी गढूळ होतं, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पाऊस आला की पाण्यात उतरायचं बंद, हे आमच्या मंडळाला काही केल्या पटेना. आणि पाऊस पडल्याशिवाय आमचा क्लबच उघडत नाही, हे त्या मालवणी पोराला पटेना. दोन्ही पक्षांना समोरचा थापा मारतोय असं वाटलं आणि त्यातून चांगली ओळख झाली.

मग साहित्य आलं. पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असं कंपाउंडरनं आधीच जाहीर केलं होतं. त्यात आपली साधी हवा दाबून भरलेली असते, हे ऐकून त्याची पत कमी झाली. कंबरेला शिशाची वजनं बांधायला लागल्यावर तात्या मागं सरले. "ही शिसं कशाला बांधूलालाव?" बुडायला, असं उत्तर मिळालं. आमच्याकडं यासाठी दगड फुकट असतो आणि वर येताना तो सोडताही येतो, हे तात्यांनी शिक्षकाला शांतपणे समजावलं.

पण खरी पंचाईत पुढं होती. तोंडातल्या नळीनं सावकाश श्वास घेत राहायचं, सोडत राहायचं, आणि काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही. स्कुबाचा हा पहिला नियम. कारण सरळ आहे. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथं छातीत भरलेली हवा वर येताना फुगते, आणि श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुसं फाटू शकतात. आता आमच्या मंडळाचं सगळं आयुष्य श्वास कोंडण्यात गेलेलं. तात्या नळी तोंडात धरून पाण्यात गेले आणि सवयीनं श्वास धरून बसले. शिक्षक खुणा करतोय, श्वास घ्या, श्वास घ्या. तात्या डोळ्यांनी सांगतायत, मला गरज नाही. वर आणल्यावर म्हणाले, "त्येची हवा कशाला खर्चायची? माझ्याजवळ व्हती की." ज्या कंपाउंडरला विहिरीत डबा सोडवत नाही, तो मात्र त्या दिवशी वर्गात पहिला आला. तळाची माती आणणारे सगळे नापास. हा निकाल आक्कांनी वाळूवर बसून ऐकला आणि पुढं त्याचा पुरेपूर वापर केला.

खुणांचीही गंमत. अंगठा वर केला की 'मला वर न्या', आणि सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. मास्तर रंगीत मासे बघून खूश झाले आणि अंगठा दाखवला. शिक्षकानं त्यांना वर आणलं. मास्तर म्हणाले, का आणलं? पुन्हा खाली गेले, पुन्हा खूश झाले. या हिशेबानं ज्यांना समुद्र आवडला त्यांना तो कमी बघायला मिळाला. मला स्वतःला सर्वांत अवघड गेलं ते न बोलणं. धाराशिवची चार माणसं एका पाण्यात आणि कुणीही कुणाला सल्ला देत नाही, असं आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

रात्री मास्तरांनी स्कुबाचं मूळ सांगितलं. 1943 साली, महायुद्ध चालू असताना, फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरनं मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एक व्हॉल्व्ह बनवला होता. जाक कुस्तो हा नौदलातला अधिकारी त्याच्याकडं गेला, दोघांनी तोच व्हॉल्व्ह माणसाच्या श्वासाला जोडला आणि माणूस माशासारखा फिरायला लागला. तात्या लक्षपूर्वक ऐकत होते. "म्हंजे टंचाई आन् फुटबॉल," ते म्हणाले. "दोन्हीबी आपल्याकडं व्हतं. आपल्याला कसं सुचलं न्हाई?" या प्रश्नावर मंडळ उशिरापर्यंत बसलं. माशांच्या कढीमुळंही असेल.

निघायच्या वेळी कंपाउंडरनं आणखी एक नियम शोधून काढला. बुडी मारल्यावर निदान 12 तास विमानात बसायचं नाही, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर गेल्यावर बुडबुडे धरतो. खोल बुड्या मारणारे घाट चढतानाही जपून असतात. शिक्षक हसून म्हणाला, तुम्ही गेलात ते चार हात पाणी, खुशाल जा. पण मंडळानं नियमाचा मान राखला आणि मुक्काम एक दिवस वाढवला. सुरमई खाणारे नियमाच्या बाजूनं होते, माळकरी विरोधात. मग आक्कांनी विचारलं, "आरं, घाट चढून जायचं ते गावच साडेसहाशे मीटरवर हाय म्हणताव, मग घरला जायाचंच न्हाई का काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

परतताना वाट वाकडी करून नळदुर्गला गेलो. तिथं आमच्या जिल्ह्यानं कुणाकडं जायची गरज नाही याचा पुरावा दगडात उभा आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल काढला. नदी भरून वाहायला लागली की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, आणि पाणी महालात न शिरता त्याच्या खिडकीसमोरून कोसळत राहतं. माणूस आत कोरडा बसून पाणी आतून बघतो. कुस्तोच्या आधी सव्वातीनशे वर्षं, ना नळकांडं ना शिसं, पाण्याच्या खाली बसायची सोय. आम्ही गेलो तेव्हा नदीला धार नव्हती. म्हणून पाणीमहालात नुसते बसलो आणि पाण्याबद्दल बोललो. मराठवाड्यात बहुतेक जलक्रीडा अशाच होतात.

तसं पाण्यानं आम्हाला दोन्हीकडून झोडलंय. 1982 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं नद्या अशा फुगल्या, की माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. त्या आठवड्यात क्लबमधल्या कुणीही पोहण्याचा विषय काढला नाही. सोल मात्र सगळेच घेऊन गेले होते.

क्लबला खरा धोका दुष्काळाचा नाही. दुष्काळ येतो आणि जातो. धोका बोअरचा आहे. भोवतीच्या शिवारात बोअर शेकडो फूट खाली गेले, तशा उघड्या विहिरी दरवर्षी थोड्या लवकर आटायला लागल्या. सहा इंच व्यासाच्या बोअरमध्ये मुटका मारता येत नाही, सोल धरून पोरगं सोडता येत नाही, आणि आत अडकलेली मोटर काढायला तात्या लागत नाहीत, मशीन लागतं. तात्यांनी बोअर पाडलेला नाही. मुलगा दरवर्षी आग्रह धरतो, तात्या दरवर्षी 'औंदा बघू' म्हणतात. या एका मुद्द्यावर मला त्यांच्या अध्यक्षपदाबद्दल काही म्हणायचं नाही.

सभासद व्हायचं असेल त्यांनी दिवाळीनंतरच्या रविवारी यावं. डबा आणि सोल क्लबचा, टॉवेल आपापला. मोटर चालू असताना उतरायचं नाही, एकट्यानं उतरायचं नाही, आणि पोरांना शेततळ्यात पोहायला सोडणाऱ्यांनी आमच्याकडं येऊच नये. प्लॅस्टिकच्या त्या घसरड्या काठावरून पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. पाऊस कमी झाला असेल तर येण्याआधी तात्यांना फोन करा. विहिरीत पाणी किती आहे, हे ते हातचं राखून सांगतात, तेव्हा आक्कांनाही विचारा.