बटाट्याचं पोतं

भाचीला मुलगी झाली त्याच संध्याकाळी भाचेजावयांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता टाकला. मला वाटलं, लसींचा असेल. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, एवढं जन्मतःच उरकतात हे मलाही ठाऊक आहे. पण तक्ता फोटोंचा होता. टोपलीत झोपलेलं बाळ, लोकरीच्या घरट्यात झोपलेलं बाळ, तुळशीजवळ फेटा बांधून झोपलेलं बाळ. म्हणजे बाळाने फक्त झोपायचं. बाकीच्यांनी जागायचं, ते तर एरवीही असतंच.

हे 'शूट' म्हणे पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या आत करायचं असतं. तोवर बाळ पोटात होतं तसं मुटकुळं करून गाढ झोपतं. पुढे त्याला हातपाय पसरायची आणि स्वतःचं मत मांडायची सवय लागते. आपल्याकडे मात्र या दिवसांचं बुकिंग आधीच झालेलं. पाचवी-सहावीला सटवाई कपाळावर लिहायला येणार, दहा दिवस सोयर, बाराव्याला बारसं. नववा दिवस बिचारा मोकळा सापडला, तो फोटोग्राफरबाईंना दिला.

भाचेजावयांनी पहिल्याच दिवशी दाराशी सॅनिटायझरची बाटली ठेवून फर्मान काढलं होतं, सव्वा महिना बाहेरच्या कुणी बाळाजवळ जायचं नाही. सख्ख्या मावशीला उंबऱ्याबाहेरून दर्शन घेऊन परत पाठवलं. नवव्या दिवशी मात्र चार बॅगा, दोन स्टँड, एक भलीमोठी उशी आणि तीन अनोळखी माणसं थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरली. सोयर म्हणून शेजारच्या काकू आमच्याकडे पाणीही घेत नव्हत्या. या तिघांनी पोहे खाल्ले, वर चहाही घेतला.

तयारीच्या सूचना आठवडाभर आधी आल्या होत्या. खोली २७-२८ अंशांवर ठेवा, कारण बाळ उघडं असणार. महिना मे, गाव डोंबिवली. आधी एसी लावून खोली २७ वर आणली आणि मग बाळाच्या बाजूला हीटर लावला. दोन्ही यंत्रं एकमेकांशी भांडत होती आणि वीजबिल मध्यस्थी करत होतं. बाळाला सतत एकसुरी आवाज हवा, तोही फोनवरून लावायचा. स्वयंपाकघरात त्याच वेळी मिक्सरमध्ये डिंकाच्या लाडवांसाठी खारीक भरडली जात होती. बाळ मिक्सरला झोपलं. फोनला नाही.

बाळंतिणीलाही सूचना होत्या. फिकट रंगाचे, नक्षी नसलेले कपडे, हलका मेकअप, 'नॅचरल लुक'. तिचा नैसर्गिक अवतार म्हणजे कानात कापूस, डोक्याला रुमाल, टाक्यांमुळे एका बाजूला कलून बसणं आणि अंगाला ओवा-शेपाच्या धुरीचा वास. तो पाहून फोटोग्राफरबाई म्हणाल्या, "कापूस काढू या का?" जावयांना तर शर्ट काढून बाळाला छातीशी धरायचं होतं. सासुरवाडीत, आजेसासूबाईंसमोर. तक्ता त्यांनीच केला होता, पण ती ओळ त्यांनी नीट वाचली नसावी.

आता आजेसासूबाईंकडे येतो. म्हणजे माझी आई, बाळाची पणजी. ती सकाळपासून खुर्ची टाकून खोलीच्या कोपऱ्यात बसली होती, परीक्षक बसतात तशी. पोटभर पाजून घ्या, ढेकर काढा, खोली ऊबदार ठेवा, घट्ट गुंडाळा, कानाशी श्श्श् करा, अशी एकेक सूचना फोटोग्राफरबाई देत होत्या आणि आई माझ्याकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "अरे, हे सगळं मी फुकट करत होते ना रे?"

एका बाबतीत मात्र बाई जिंकल्या. आई बाळाला दुपट्यात गुंडाळते ती पाय सरळ ताणून, लाटण्यासारखं. बाईंनी पाय गुडघ्यात दुमडून, मांड्या सैल ठेवून गुंडाळलं. आजचे डॉक्टरही तसंच सांगतात, पाय ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. आई गप्प बसली. पण तिने टोपलीकडे बोट दाखवून विचारलं, "ही कुणाकुणाची पोरं झोपवून आली?" आता बाई गप्प बसल्या. टोपलीतलं लोकरीचं अंथरूण काढून आमचं धुतलेलं दुपटं घातलं गेलं. सामना बरोबरीत.

मग आसनं सुरू झाली. एकाचं नाव 'बटाट्याचं पोतं'. खरंच, इंग्रजीत त्याला तेच म्हणतात. बाळाला मानेपर्यंत गुंडाळून बसवायचं आणि वरून फक्त डोकं दिसू द्यायचं. ॲन गेडिस या बाईंनी १९९६ मध्ये 'डाउन इन द गार्डन' नावाचं पुस्तक काढलं, त्यात बाळं कुंडीत, फुलात, पानात बसवली होती. तेव्हापासून तान्ह्या बाळांची जी बागायत सुरू झाली ती बटाट्यापर्यंत आली. आईला मी नावाचा अर्थ सांगितला. "आमच्या घरात नऊ महिने नवस केलेली पोर आहे ती," आई म्हणाली, "बाजार समितीत नाही आलेली."

पुढचं आसन बेडकाचं. कोपर टेकलेली, दोन्ही तळहातांवर हनुवटी आणि चेहऱ्यावर जगाची चिंता. नऊ दिवसांच्या बाळाला स्वतःची मान धरता येत नाही, ते हनुवटी कशी तोलणार? तर तोलत नाहीच. एका फोटोत कुणीतरी वरून डोकं धरतं, दुसऱ्यात खालून मनगटं धरतं, आणि मग संगणकावर दोन्ही जोडून मधले हात पुसून टाकतात. हे ठाऊक नसलेले हौशी आईबाप घरी मोबाइलवर तसा फोटो काढायला बघतात, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. डोकं कोण धरणार, एवढा एकच प्रश्न आमच्या तक्त्यात नव्हता.

मदतनीस मुलगी पुढे झाली. आई खुर्चीतून उठली. "थांब. मान मी धरते." चौऱ्याऐंशी वर्षांचा, सुरकुतलेला, एक पाटली घातलेला हात त्या टिचभर डोक्यामागे गेला. बाळाने दचकून दोन्ही हात फेकले, तो हात लागल्यावर मिटून घेतले आणि फोटोग्राफरबाईंच्या महागड्या पांढऱ्या फरवर निवांत शू केली. मिक्सर पुन्हा लावला गेला.

पंधरा दिवसांनी फोटो आले. बाळ गुलाबी. अंगाची निघणारी सालं गेली होती. किंचित पिवळटपणा होता, जो आपोआप उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते, तो संगणकाने एका दुपारीत उतरवला. आईने दोनदा ठासून लावलेली काजळाची तीट तर डाग समजून साफ केली होती. बेडकाच्या फोटोत बाळ स्वतःच्या तळव्यांवर डोकं ठेवून एकटंच बसलं होतं.

आईने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. "तीट गेली ते गेलं. माझा हात कुठे आहे?"

भाचीने लगेच फोटोग्राफरबाईंना निरोप टाकला, आजीचा हात असलेला मूळ फोटोही पाठवा. उत्तर पाच मिनिटांत आलं, हसऱ्या चेहऱ्यासकट. न पुसलेले फोटो पॅकेजमध्ये येत नाहीत, त्याचे वेगळे पैसे पडतील.

आईला मी ते वाचून दाखवलं.

"हात माझा," आई म्हणाली, "आणि पैसे तिला?"